लॅपटॉपातलं ग्राफिक्स वाढवता येतं का? दुकानाची पायरी चढण्याआधी वाचा

लेकीनं इंटिरियर डिझाइनला प्रवेश घेतला आणि दोन महिन्यांत घरात रोजचं पालुपद सुरू झालं, "आई, हे अडकतंय गं." ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी खोली फिरवायला घेतली की पंखा घोंघावायचा, पडदा थिजायचा आणि मग भिंती एकेक करून हजेरी लावायच्या. लॅपटॉप २०२१ चा, माझ्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला. अकराव्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘आयरिस एक्सई ग्राफिक्स’ छापलेलं, पण लॅपटॉपाच्या आत पाहिलं तर नाव निघालं ‘यूएचडी ग्राफिक्स’. मला वाटलं, फसवलं आपल्याला.

मग आम्ही मायलेकी इंदुरातल्या आरएनटी मार्ग ते जेल रोड अशी वारी केली. पहिल्या दुकानात उत्तर मिळालं, "मैडम, दो जीबी का कार्ड डल जाएगा, कल ले जाना." दुसऱ्या दुकानात, "पूरा बोर्ड बदलना पड़ेगा." तिसऱ्या ठिकाणी एक तळहाताएवढी डबी हातात ठेवली, ‘यूएसबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून. अठराशे रुपये मोजून ती घेऊन आलो. घरी लावल्यावर कळलं की तिच्यामुळे टीव्ही जोडता येतो, बाकी काही होत नाही. ऑटोकॅड होतं तिथेच अडकत राहिलं.

तेव्हा मी शाळेचे पेपर तपासायचे बाजूला ठेवले आणि हा विषय मुळापासून तपासला. मी गणिताची शिक्षिका, संगणकातली नव्हे. त्यामुळे जे मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

१. आधी सरळ उत्तर

नाही. लॅपटॉपातलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स (पडद्यावरचं चित्र तयार करणारा, आतच जोडलेला भाग) काढून दुसरं बसवता येत नाही. ते ‘कार्ड’ नाहीच मुळी, तर प्रोसेसरचाच एक भाग आहे. पूर्वी, म्हणजे साधारण २०१० च्या आधी, ते मदरबोर्डावरच्या, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरच्या, चिपसेट नावाच्या वेगळ्या चिपमध्ये असायचं. २०११ मध्ये इंटेलच्या सॅंडी ब्रिज पिढीपासून ते प्रोसेसरच्या त्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आलं. एएमडीनेही त्याच वर्षी ‘एपीयू’ या नावाने तेच केलं. म्हणजे ग्राफिक्स बदलायचं तर प्रोसेसर बदलायला हवा.

आणि प्रोसेसर? इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत काही लॅपटॉपांत तो सॉकेटमध्ये बसवलेला असायचा, निघायचा. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपाचे प्रोसेसर सरसकट बोर्डावर सोल्डर केलेले येतात. हजारभर बारीक टाके. ते कुणी घरी काढत नाही आणि दुकानदारानेही काढू नयेत.

"कार्ड डल जाएगा" म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "कौन से स्लॉट में?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आता हे ग्राफिक्स मंद का पडतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. इंटिग्रेटेडला नसते, ते तुमच्या रॅममधूनच घेतं. आपल्या इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी केवढी हे सगळे विचारतात. पण सकाळी वरच्या मजल्यावर अंघोळ आणि खाली कपडे एकदम सुरू झाले, की टाकी भरलेली असूनही धार बारीक होते. दोष पाइपाचा असतो. इथेही तसंच आहे. रॅम किती जीबी ही झाली टाकी. सेकंदाला किती डेटा वाहतो हा झाला पाइप. आणि त्या एकाच पाइपावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेही तोंड लावून बसलेले असतात.

आकडे घ्या. डीडीआर४, ३२०० वेगाची रॅमची एक पट्टी असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. दोन पट्ट्या असतील तर दोन वाहिन्या उघडतात आणि ५१.२ जीबी. जुन्या, साध्या जीटीएक्स १६५० या लॅपटॉप कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे, आणि त्यात वाटेकरी कुणी नाही.

ऑटोकॅड २०२२ ला लागणाऱ्या किमान गोष्टींच्या यादीत ग्राफिक्ससाठी मेमरीचा वेग सेकंदाला २९ जीबी दिला आहे आणि शिफारस १०६ ची आहे. आमच्याकडे एकच पट्टी, २५.६. किमान पातळीच्याही खाली! दोन पट्ट्या केल्या की किमान पातळी आरामात पार, शिफारशीच्या निम्म्याला. हे गणित वहीत मांडलं तेव्हा कुठे मला उमगलं की आपण तीन दुकानांत चुकीचा प्रश्न विचारत फिरलो.

२. आपल्याकडे नक्की काय आहे ते लिहून काढा

कागद-पेन घेऊन बसा. पुढची प्रत्येक पायरी या कागदावर अवलंबून आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा.

‘सीपीयू’मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं. नुसतं ‘आय५’ लिहू नका, पुढचा क्रमांक आणि शेवटचं अक्षरही उतरवा.

‘मेमरी’मध्ये खाली वेग आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ असं दिसेल. दोनपैकी एक वापरात असेल तर तुमचं नशीब चांगलं. तिथेच ‘फॉर्म फॅक्टर’ असतो. त्यापुढे ‘सोडीम’ असेल तर रॅम काढता-घालता येणारी. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती बोर्डावरच सोल्डर केलेली. मात्र या स्लॉटच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सोल्डर केलेल्या रॅमलाही विंडोज कधी कधी स्लॉट म्हणून मोजतं. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल मिळते, त्यात पडताळा करा.

‘जीपीयू’मध्ये ग्राफिक्सचं नाव. तिथे ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून एक आकडा असतो, बहुधा तुमच्या रॅमच्या निम्मा. तो पाहून "आमच्याकडे चार जीबीचं कार्ड आहे" असं कुणाला सांगू नका. ती फक्त उचल घ्यायची मर्यादा आहे.

रॅम एका वाहिनीवर चालते की दोन, हे टास्क मॅनेजर सांगत नाही. त्यासाठी सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत साधन आहे. त्याच्या मेमरीच्या पानावर वाहिन्यांची संख्या असते. डाउनलोड मूळ संकेतस्थळावरूनच करा, कारण याच नावाची भेसळ असलेली पानं शोधात वर येतात.

मॅकबुक वापरत असाल आणि ते २०२० नंतरचं एम मालिकेतल्या चिपचं असेल, तर हा लेख चौथ्या पायरीनंतर तुमच्यासाठी नाही. तिथे रॅमही चिपच्या जोडीलाच बसवलेली असते आणि बाहेरचं ग्राफिक्स कार्डही चालत नाही. थेट नवव्या पायरीवर या.

३. दोन जीपीयू दिसले तर

टास्क मॅनेजरमध्ये ‘जीपीयू ०’ आणि ‘जीपीयू १’ असे दोन दिसले, तर तुमच्याकडे वेगळं कार्ड आधीच आहे. फक्त तुमचं सॉफ्टवेअर ते वापरत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, ते सॉफ्टवेअर यादीत घाला आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. लेकीच्या वर्गातली एक मुलगी याच दुखण्यासाठी लॅपटॉप विकायला निघाली होती.

४. पैसे न लागणारे उपाय

ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स यांची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) नवा करा. आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचा पाहा, मग इंटेल किंवा एएमडीचा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ अशी जी मोफत सॉफ्टवेअरं फिरतात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चार्जर लावून काम करा आणि पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप जाणूनबुजून हात आखडता घेतात.

उष्णता. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच तुकड्यावर, म्हणजे एकाचा ताप दुसऱ्याला. तापला की दोघेही वेग उतरवतात. आपल्याकडे मे महिन्यात पलंगावर, उशीवर लॅपटॉप ठेवून थ्रीडीचं काम करणं म्हणजे छळ आहे, लॅपटॉपाचा आणि मुलांचाही. पाट घ्या, मागची कड दोन बोटं उचला. तीन-चार वर्षांत कधी उघडला नसेल तर आतली धूळ काढून घ्या आणि थर्मल पेस्ट बदलून घ्या. आमच्या पंख्यातून निघालेला धुळीचा बोळा पाहून लेक म्हणाली, यातून एक वात होईल.

खेळांसाठी रिझोल्यूशन उतरवा. १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आलात की ठिपके २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर येतात. निम्म्याहून कमी काम! खेळात एफएसआर किंवा एक्सईएसएस असा पर्याय असेल तर तोही चालू करा. कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते मोठं करून दाखवायची ही युक्ती इंटिग्रेटेडवरही चालते.

ऑटोकॅडवाल्यांनी कमांडच्या ओळीत ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ टाइप करून, अर्थात इंग्रजी अक्षरांत, हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन चालू आहे ना ते पाहावं. आमच्याकडे ते बंद होतं. कुणी केलं, कधी केलं, देव जाणे.

एवढ्यावर भागलं तर थांबा.

५. रॅमची दुसरी पट्टी: खरा फरक इथे पडतो

स्लॉट मोकळा असेल तर पैसे इथेच घाला. आठ जीबीची सोळा होते हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा दुसऱ्या वाहिनीचा, म्हणजे पाइप दुप्पट. आठ जीबी बोर्डावर सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा, अशी रचना असली तरी चालतं. त्यात आठचीच पट्टी घाला.

आणि इथेच माझ्या खोक्यावरच्या नावाचं कोडं सुटलं. अकराव्या पिढीच्या बहुतेक आय५ आणि आय७ मधलं तेच ग्राफिक्स, रॅम दोन वाहिन्यांवर असेल तरच स्वतःला ‘आयरिस एक्सई’ म्हणवतं. एकच पट्टी असेल तर ड्रायव्हर त्याला ‘यूएचडी’ म्हणून दाखवतो. तुकडा तोच, नाव पाइपावरून ठरतं. म्हणजे खोक्यावर लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. एक पट्टी घालून विकायचं आणि खोक्यावर दोन पट्ट्यांचं नाव छापायचं, याला आमच्या वर्गात अर्धे गुण मिळाले असते. (आय३ वाल्यांनी नाव बदलायची वाट पाहू नये. तिथे ते ‘यूएचडी’च राहतं. वेग मात्र वाढतो.)

दुकानात जाताना सोबत न्या:

- दुसऱ्या पायरीचा कागद, म्हणजे मॉडेलचं पूर्ण नाव, प्रोसेसर, रॅमचा प्रकार आणि वेग
- लॅपटॉपाचं मूळ बिल, वॉरंटी चालू असेल तर
- लॅपटॉपाखालच्या स्टिकरचा फोटो, सिरियल नंबर दिसेल असा
- आतल्या रॅमच्या पट्टीचा फोटो, काढता आला तर
- बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की, याबद्दल सहाव्या पायरीत

वॉरंटीत असाल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला आधी विचारा की रॅम स्वतः घातलेली चालते का. काही कंपन्यांना चालते, काहींना सील तुटलेलं खपत नाही. उत्तर ईमेलवर मागा. फोनवर मिळालेलं उत्तर पुढच्या फोनवर बदलतं.

घेताना काय पाहायचं? प्रकार अचूक हवा. डीडीआर३एल, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. जोर लावून बसवली तर स्लॉट जातो. लॅपटॉपाची पट्टी ‘सोडीम’ म्हणून मागा. डेस्कटॉपची लांब असते. पट्टीच्या स्टिकरवर ‘पीसी४-३२००’ किंवा ‘पीसी४-२५६००’ असं काही दिसेल. घाबरू नका, दोन्ही एकच. दुसऱ्यात वेगाऐवजी सेकंदाला मेगाबाइट लिहिलेत, आपले मघाचे २५.६ जीबी.

दोन पट्ट्यांचा वेग वेगळा असेल तर दोन्ही कमी वेगाने चालतात. आकार सारखा घेणं उत्तम. आठच्या जोडीला चार घातली तर इंटेलच्या लॅपटॉपांत पहिले चार अधिक चार दोन वाहिन्यांवर चालतात आणि उरलेले चार एका. चालतं, पण पैसे वाचवल्याचं समाधान फार टिकत नाही. कंपनी तीच असली पाहिजे असं नाही.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅम इतकी महागली की आजचा आकडा पुढच्या महिन्यात खोटा ठरेल. दोन दुकानांत आणि एका ऑनलाइन ठिकाणी विचारून घ्या. जीएसटी बिल घ्याच. "बिना बिल के सौ कम" याला भुलू नका. रॅमच्या वॉरंटीचा दावा करायची वेळ आली, तर ते शंभर रुपये महागात पडतात. आणि जुनी पट्टी ‘बदलून’ देतो असं कुणी म्हणालं, तर स्लॉट मोकळा असताना बदलायची गरज काय, हे विचारा. एका दुकानात आमची आठची काढून घेऊन एकच सोळाची घालायचा बेत होता. टाकी मोठी झाली असती, पाइप होता तेवढाच राहिला असता. वर आमची जुनी पट्टी त्यांच्या गल्ल्यात.

बसवणं कठीण नाही, पण घाई नको. लॅपटॉप ‘शट डाउन’ करा, झाकण मिटवून ठेवणं म्हणजे बंद नव्हे. चार्जर काढा. खालचे स्क्रू काढून कागदावर लॅपटॉपाचा चौकोन काढा आणि जिथला स्क्रू तिथेच टेप लावून चिकटवा. स्क्रूंची लांबी वेगळी असते, लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरचा पत्रा फुगतो किंवा बोर्डाला लागतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रूही पाहा. झाकण न निघण्याचं कारण बहुतेकदा तेच असतं. कड सोडवायला स्क्रूड्रायव्हर नको, जुनं एटीएम कार्ड घ्या. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून घ्या, विशेषतः थंडीत, लोकरीचा स्वेटर घालून तर हे काम करूच नका.

पट्टी कडेला धरा, सोनेरी दातांना बोट नको. तिरकी, साधारण तीस अंशांत आत सरकवा, दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत. मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ आवाज यायला हवा. बॅटरी जोडा, झाकण बंद करा.

पहिल्यांदा चालू करताना पडदा बराच वेळ काळा राहू शकतो, डीडीआर५ मध्ये तर जास्तच. लॅपटॉप नवी रॅम ओळखत असतो. मी वीस सेकंदांत घाबरून बटण दाबून बंद केला होता. तसं करू नका, चहा टाकून या. चहा पिऊन झाल्यावरही काळाच असेल, तर पट्टी नीट बसलेली नाही. काढून पुन्हा बसवा.

मग दुसऱ्या पायरीचा कागद काढा आणि पुन्हा सगळं तपासा. सीपीयू-झेडमध्ये, रॅम डीडीआर४ असेल तर, दोन वाहिन्या दिसायला हव्यात. आमच्याकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयरिस एक्सई’ दिसलं तेव्हा लेकीनं पडद्याचा फोटो काढून आजीला पाठवला. आजीनं विचारलं, "मग आता काय, वेगळं नाव ठेवलं का त्याचं?"

फरक किती? खोली फिरवताना अडकणं थांबलं. स्केचअपमध्ये सावल्या लावूनही काम करता येऊ लागलं. रेंडर (आराखड्यावरून शेवटचं चित्र तयार करणं) मात्र जवळपास तेवढाच वेळ घेतो, कारण ती वापरते त्या पद्धतीत रेंडर प्रोसेसर करतो, ग्राफिक्स नव्हे. आणि ल्युमियन, एन्स्केप यांसारख्या सॉफ्टवेअरना वेगळं ग्राफिक्स कार्डच लागतं. तिथे रॅमच्या चार पट्ट्या घातल्या तरी उपयोग नाही. कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काय लागणार हे आधी वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, मग रॅम घ्या.

६. बायोस आणि ‘व्हीरॅम वाढवा’ची जादू

काही लॅपटॉपांत, विशेषतः एएमडीच्या, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी लॅपटॉपाची मूळ सेटिंग्ज) ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी, म्हणजेच व्हीरॅम, वाढवायची सोय असते, ५१२ एमबीवरून एक-दोन जीबी वगैरे. याने वेग वाढत नाही. पाइप तोच. एखादं सॉफ्टवेअर ‘मेमरी कमी आहे’ म्हणून सुरूच होत नसेल, तेवढ्यापुरता उपयोग. एकूण रॅम आठ जीबी असेल तर दोन जीबी राखून ठेवणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक आकडा बदला आणि इंटेलचं ग्राफिक्स ‘दोन जीबी’चं करा, असे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्याने फक्त दाखवायचा आकडा बदलतो. मार्कशीटवर खाडाखोड केल्यासारखं आहे ते.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो. बायोसमधले बदल किंवा बोर्ड बदलणं झालं, की लॅपटॉप अचानक अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण खात्याचा पासवर्ड आणि जुना मोबाइल नंबर हाताशी असेल तरच. आधी कागदावर उतरवा.

७. बाहेरचं ग्राफिक्स कार्ड

हे खरंच शक्य आहे आणि अठराशेच्या डबीशी त्याचा काही संबंध नाही. यात डेस्कटॉपचं पूर्ण आकाराचं कार्ड, त्याचा वेगळा पॉवर सप्लाय आणि एक पेटी लागते, आणि ती जोडायला लॅपटॉपात थंडरबोल्ट (जलद डेटा नेणारं खास भोक) हवं. थंडरबोल्ट ३ आणि ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट, त्यातले ग्राफिक्ससाठी ३२ पर्यंत मिळतात. यूएसबी४ असेल तर ते त्या मॉडेलमध्ये चालतं का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. ती सोय त्यात ऐच्छिक आहे.

सगळ्यात मोठा सापळा, टाइप-सी भोक दिसलं म्हणजे थंडरबोल्ट नव्हे. भोकाशेजारी विजेच्या बाणाची खूण पाहा. तीही पक्की नाही, काही ठिकाणी ती चार्जिंगची असते. खात्री मॅन्युअलमध्येच.

थंडरबोल्ट नसलं तर एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून तार बाहेर काढून कार्ड जोडणारे अ‍ॅडॅप्टरही मिळतात. चालतात. पण लॅपटॉप उघडा ठेवून टेबलावर कार्ड, तारा आणि पॉवर सप्लाय मांडून बसायचं, म्हणजे लॅपटॉप हा लॅपटॉप राहिला नाही. हौशी माणसाला मजा येईल. रोज बॅग उचलून कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी हे नव्हे.

बाहेरचा मॉनिटर थेट त्या कार्डाला जोडलात तर वेग चांगला मिळतो. लॅपटॉपाच्याच पडद्यावर चित्र हवं असेल तर ते त्याच तारेतून परत यावं लागतं आणि वेग घटतो. पेटी, कार्ड आणि पॉवर सप्लाय यांची बेरीज करा आणि शेजारी नव्या लॅपटॉपाची किंमत लिहा. आम्ही लिहिली आणि वही मिटली.

८. बोर्ड बदलणं

तुमच्याच मॉडेलची वेगळ्या कार्डाची आवृत्ती निघालेली असेल, तर तिचा बोर्ड बसवता येतो, असं सांगणारे भेटतील. त्याबरोबर उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, पंखा, चार्जर आणि कधी कधी खालचं झाकणही बदलावं लागतं. बोर्ड बहुधा जुन्या लॅपटॉपातून काढलेला असतो. नको.

एमएक्सएम नावाची काढता-घालता येणारी कार्डं काही जाड, महाग वर्कस्टेशन लॅपटॉपांत असतात. ज्यांच्याकडे तो लॅपटॉप आहे, त्यांना हा लेख लागणार नाही.

९. विकून नवा घ्यायचा ठरलं तर

रॅम सोल्डर केलेली, स्लॉट नाही, आणि काम खरोखर ग्राफिक्सचं, तर हाच मार्ग. घेताना या गोष्टींवर बोट ठेवा.

पिढीचा आकडा पाहून भुलू नका. एएमडीचा रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ७ ७८४०यू, दोन्ही सात हजारांच्या मालिकेतले. पहिल्यात ग्राफिक्सची एककं दोन, दुसऱ्यात बारा. दुसऱ्यातलं रेडिऑन ७८०एम हे इंटिग्रेटेड असूनही हलक्या थ्रीडी कामाला पुरतं. इंटेलमध्ये ‘कोर अल्ट्रा’च्या खोक्यावर ‘आर्क ग्राफिक्स’ लिहिलेलं असेल, तरी रॅम दोन वाहिन्यांवर आहे का ते विचारा. आमचीच गोष्ट तिथे पुन्हा घडते.

वेगळं कार्ड हवं असेल तर नुसतं ‘आरटीएक्स ४०५०’ पुरेसं नाही. त्याच नावाचं लॅपटॉप कार्ड कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही चालवू शकते, आणि वेगात तसाच फरक पडतो. वॉटचा आकडा दुकानदाराकडून नव्हे, कंपनीच्या पानावरून घ्या.

रॅम सोल्डर केलेली असेल तर पहिल्या दिवशीच सोळा जीबीची घ्या. नंतर वाढवू, ही सोय तिथे नाही.

जुना विकण्याआधी बॅकअप घ्या, सेटिंग्जमधून ‘रिसेट’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि त्यात ‘क्लीन डेटा’ चालू करा. नुसत्या फायली डिलीट करून देऊ नका, त्या परत काढता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ते उपकरण काढून टाका. बिल आणि मूळ चार्जर दिलात तर भाव थोडा बरा मिळतो. नंतर रॅमची पट्टी घातलेली असेल तर तिचं वेगळं बिलही दाखवा, नाहीतर समोरचा तो आठ जीबीचाच धरून बोली लावतो.